फुकट दळण

जगदेव जेवताना बोलत नसे. घास तोंडात असताना बोललं की अन्नाचा अपमान होतो, असं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवलं होतं. त्यामुळे त्या दिवशी तो पहिल्याच घासाला थांबला आणि घास तसाच हातावर काढून बघत बसला, तेव्हा त्याच्या बायकोला, कस्तुराबाईला, न बोलताच सगळं कळलं.

"काहून थांबले?" तिनं तरी विचारलंच.

"हे भाकर हाय का रुळाखालची खडी?"

"भाकर माई हाय. खडी रामराव भाऊजीच्या चक्कीची."

"आजही कचकच? मांगच्या खेपीले मी सोता सांगतलं त्याले, का दगडाले टाकी लाव म्हणून."

"मंग काय म्हणे?"

"म्हणे, गोड लागत नसंन तर दयन वाशीमले घेऊन जा. पाशिंजर हायेच."

कोपऱ्यात बसलेल्या सोजरबाईनं, म्हणजे जगदेवच्या आईनं, दुधात कुस्करलेली भाकरी बोटानं ढवळत सांगितलं, "मले तं नाई लागत बाप्पा कच. ज्याले दात हायेत त्याले लागंन."

साल चौऱ्याहत्तर. तोवर जऊळक्यात रेल्वे आली होती, वीज आली होती, पुढारी तर दर पाच वर्षांनी येतच होते. पण चक्की मात्र एकच होती. ती रामरावांची. रामराव गावातले मोठे जमीनदार आणि जगदेवचे चुलतभाऊ. चक्कीचे दगड झिजून गुळगुळीत झाले होते आणि टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं ठोकून ते पुन्हा खरखरीत करायला, कारागीर बोलवावा तर त्या दिवशी चक्की बंद ठेवावी लागते. ती कशासाठी बंद ठेवायची? गिऱ्हाईक कुठं जाणार होतं? पीठ जाडंभरडं निघायचं, त्यात दगडाची कच यायची, आणि वरून ओंजळभर पीठ 'उडालं' म्हणून कमी भरायचं. ते उडून कुठं जातं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण रामरावांच्या म्हशी वऱ्हाडात कुठं दिसणार नाहीत इतक्या तकतकीत होत्या.

आणखी एक नियम होता. बौद्धपुऱ्यातलं दळण फक्त शनिवारी, संध्याकाळी, सगळ्यांचं आटोपल्यावर, तेही चक्कीच्या ओट्याखाली उभं राहून. हा नियम कुणी लिहिला नव्हता, त्यामुळे तो कुणाला खोडताही येत नव्हता. अठरा वर्षांपूर्वी त्या पुऱ्यानं धर्म बदलला, पोरं शिकली, दोघं-तिघं नोकरीला लागले. पण चक्कीच्या पट्ट्याला त्याची खबर पोचली नव्हती.

वाचकहो, आपणही अशी कच रोज कुठं ना कुठं गिळतोच. दुकान एकच असतं, म्हणून दुकानदाराचा तोरा आपण हवापाण्यासारखा धरून चालतो. कस्तुराबाईही तसंच धरून चालली होती. मग देवमन आला.

देवमन बौद्धपुऱ्यातला. कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये इंजिनावर उभं राहून त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. तिथून सुटल्यावर जे हाती आलं ते त्यानं पोरीच्या लग्नात न उडवता चक्कीत घातलं, आणि पोरीनंही "बाबा, चक्कीच घ्या" असं सांगितलं, हे विशेष. स्टेशनच्या रस्त्यावर त्यानं पत्र्याचं शेड उभं केलं, विजेची मोटर बसवली आणि दगडाला स्वतःच्या हातानं टाकी लावली. पाटी लावली नाही. नियम मात्र पहिल्याच दिवशी तोंडी जाहीर केला, "ज्याचा डबा आधी, त्याचं दयन आधी. मंग तो कोनीही असो."

पहिले काही दिवस फक्त बौद्धपुराच आला. मग एका सांजेला, दिवेलागणीच्या जरा आधी, पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढून एक बाई आली. ती कस्तुराबाई होती. देवमनच्या बायकोनं, भागिरथानं, तिला ओळखलं आणि न ओळखल्यासारखं केलं. त्या रात्री जगदेवनं तीन भाकरी खाल्ल्या आणि शेवटचा घास गिळल्यावर विचारलं, "आज काय केलं वं?"

"काई नाई. जवारी चांगली निवडली."

मग असं झालं, की जऊळक्यातल्या बऱ्याच बायका जवारी चांगली निवडू लागल्या. आधी सांजेला, मग दुपारी, आणि महिन्याभरात तर भर सकाळी, पदर खांद्यावर ठेवून. रामरावांची भावजय म्हणून कस्तुराबाई तेवढी सांजेलाच येत राहिली. घरोघर कुरकुर झाली, विटाळाचा शब्दही निघाला. पण विटाळ जिभेवर टिकला नाही, कारण जिभेवर मऊ भाकरी आली होती. रामरावांच्या चक्कीपुढची ओळ आखूड झाली. शेवटी त्यांचा पट्टा नुसताच फिरू लागला.

आता जुन्या काळचा एखादा पाटील असता तर त्यानं लाठ्या काढल्या असत्या, नाहीतर गाव जमवून बहिष्कार टाकला असता. रामराव तसे नव्हते. ते सुधारलेले होते. अकोल्याचा पेपर त्यांच्याकडे येत होता. त्यांनी फक्त दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! सोमवारपासून रामराव पाटलाच्या चक्कीवर दयन फुकट! एक पैसा पडनार नाई हो! कितीबी आना, कवाबी आना!"

गावानं ऐकलं. गाव कशाला, शेजारच्या वाड्यावस्त्यांनीही ऐकलं.

सोमवारी ओळ चक्कीपासून पारापर्यंत गेली. दिवस माघाचे होते, नवी जवारी नुकतीच घरात पडली होती, कणगी भरलेल्या होत्या. बायकांनी डब्यातून दळण आणलं, पुरुषांनी पोत्यातून. ज्यांनी कधी चण्याचं बेसन केलं नव्हतं त्यांनी बेसन केलं. एकानं तर मिठाचे खडे आणले, दळून दिले तर बरं म्हणून. रामराव खाटेवर बसून हसत होते, "या, या! गावची सेवा हाय. लाजू नका!"

गाव लाजलं नाही. कस्तुराबाईही लाजली नाही. फुकट म्हटल्यावर एक डबा काय आणि एक पोतं काय. तिनं जगदेवला सांगून बैलगाडी जुंपवली आणि कणगीतली सगळी जवारी एका दमात दळून आणली. पुढं पाऊस पडेस्तोवर दळणाची कटकट नको. पीठ जरा कचकचीत होतं, पण फुकटच्या पिठातली कच दाताला कमी लागते, असा अनुभव सगळ्यांनाच येत होता.

ओळीत उभी असताना मात्र तिनं रामरावांना सहज विचारलं होतं, "भाऊजी, किती दिवस चालनार हे?"

"काय वहिनी?"

"फुकट दयन."

रामरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. "तो हाय तोवर."

"कोन?"

"तोच. स्टेशनरोडचा."

"अन् तो गेला का मंग?"

"मंग काय? मंग पहिल्यासारखं!"

रामराव हसले. ओळीतले दोन-तीन जण हसले. कस्तुराबाईही हसली, कारण भाऊजी हसले होते. पण घरी परतताना गाडीत पिठाच्या पोत्यावर बसून तिला ते उत्तर पुन्हा ऐकू आलं, आणि आता त्यात हसण्यासारखं काही सापडेना.

आता जवारीचं पीठ ही काय चीज आहे हे ज्या पुरुषांना ठाऊक नसेल त्यांनी घरात विचारावं. ताजं असतं तोवर त्याला चिकटपणा असतो, विरी असते; भाकरी हातावर गरगर फिरते. पीठ जुनं होऊ लागलं की विरी जाते. मग ते कितीही मळा, कढत पाणी घाला, देवाचं नाव घ्या; भाकरी थापता थापता कडेनं चिरते, आणि तव्यावर टाकायच्या आत तिचे तुकडे परातीत पडतात. म्हणूनच वऱ्हाडातली बाई चार-सहा दिवसांपुरतंच दळते. तिच्या आईनं, आजीनं तेच केलेलं असतं. पण जऊळक्यातल्या बायकांच्या आया-आज्यांना कुणी फुकट दळून दिलं नव्हतं.

फाल्गुन लागला आणि घरोघरी भाकऱ्या चिरू लागल्या. चवही कडवट झाली.

"हे काय वाढलं?" जगदेवनं विचारलं.

"भाकर."

"कोनती बाजू भाकरीची?"

सोजरबाई पुटपुटली, "मले तं चुरलेलीच पायजे. बरं झालं, कष्ट वाचले."

कस्तुराबाईला हसू आलं नाही. ताजी जवारी दळून आणावी तर कणगीत दाणा नव्हता. सगळ्या गावात हीच गत. ज्यांची जवारी शाबूत होती असे फक्त बौद्धपुऱ्यातले लोक. फुकटच्या ओळीत त्यांना रामरावांनी उभंच केलं नव्हतं, शनिवारचा नियम होताच ना!

मग ती भागिरथाकडे निघाली. पायलीभर जवारी उसनी मागायला.

चक्की बंद होती. एकट्या बौद्धपुऱ्याच्या दळणावर विजेचं बिलही निघत नव्हतं. मोटरवर फडकं टाकलेलं होतं. शेडच्या बाहेर बाजेवर देवमन बसला होता आणि शेजारच्या खुर्चीवर काळा कोट मांडीवर घेतलेला एक माणूस. तो माणिकराव, देवमनचा मावसभाऊ, वाशीमच्या कोर्टात वकिली करणारा. रविवार म्हणून आला होता.

भागिरथानं कस्तुराबाईकडं बघितलं. या वेळी मात्र तिनं न ओळखल्यासारखं केलं नाही.

"या पाटलीनबाई. उजेडात आल्या आज?"

"भागिरथा, पायलीभर जवारी पायजे होती. उसनी."

"जवारी देतो नं. दयसान कुठी? तुमच्या भाऊजीकडं फुकट हायेच."

कस्तुराबाईनं रिकामी पायली पदराआड सारली.

"एक सांगू का बाई?" भागिरथाचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुमी लपूनछपून यायच्या, तवा मी कोनाले नाव नाई सांगतलं. तुमी याच्या बंद झाल्या, तवा तुमी आमाले नाई सांगतलं. उद्या तो जुन्या मशिनी इकत घेनारा रतनसिंग येऊन राह्यला कारंज्याहून. चक्की उचलून नेनार हाय. ह्या शेडात मंग शेळ्या बांधू."

"उद्या?"

"उद्या. अन् येत्या शनवारपासून आमी पुन्हा त्या ओट्याच्या खाली. सगळ्यायचं झाल्यावर."

देवमन जमिनीकडं बघत होता. कस्तुराबाईला तिथून उठून जावंसं वाटलं, पण माणिकरावांनी तिला हातानं खूण केली, "बसा ताई. तुमी गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकाचीच गोष्ट सुरू हाय अठी."

मग ते देवमनकडं वळले. "तर मी काय सांगून राह्यलो, देवमन, का कायदा हाय. मक्तेदारी आवरायचा कायदा. एकोणसत्तर साली पार्लमेंटनं केला. धंद्यात एकच माणूस मोठा होऊन बाकीच्यायले चिरडत असंन, भाव मुद्दाम पाडून दुसऱ्याले उठवत असंन, तर त्याच्यावर नजर ठेवायले दिल्लीत आयोग बसला हाय."

"दिल्लीत?" देवमन म्हणाला. "अन् त्यायले जऊळका ठाऊक हाय?"

"नाई. मुख्य करून मोठमोठे कारखाने, मोठमोठी घराणी, त्यायच्यासाठी हाय तो."

"मंग रामराव त्यात बसंन का?"

"बसवाव लागंन," माणिकराव प्रामाणिकपणे म्हणाले. "जरा ओढूनताणून."

"अन् एक विचारतो वकीलसायेब. मक्तेदारी वाईट, तर मंग कापसाचं काय? दोन वर्सं झाले, कापूस सरकारशिवाय दुसऱ्या कोनाले इकता येत नाई."

माणिकरावांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला. वकिलांचा खोकला नेहमी प्रश्नाइतका लांब असतो.

"ते वेगळं," ते शेवटी म्हणाले. "म्हणजे तेही बोलता येईन, पण आज नाई. आज ऐक. त्या कायद्यात लिहिलं हाय, का पंचवीस गिऱ्हाइकं एकत्र येऊन तक्रार करू शकतात. धंदेवालाच नाई, गिऱ्हाईक! पंचवीस जनायचे अंगठे दे, मी अर्ज लिहितो."

"काय लिहिसान?"

"का बा, रामराव आमचं दयन फुकट करून देते, त्याच्यानं आमचं नुकसान होते…"

आणि इथं कस्तुराबाईला इतका वेळ दाबलेलं हसू फुटलं. "वकीलसायेब! 'सरकार, आमचं दयन फुकट होऊन राह्यलं, आमाले वाचवा,' असं म्हनाव का आमी? येड्याच्या इस्पितळात टाकतीन नं!"

देवमनही हसला. फक्त भागिरथा हसली नाही, आणि माणिकराव.

"हसा ताई," माणिकराव म्हणाले. "मीही पहिल्यांदा वाचलं तवा हसलो होतो. मले सांगा, तुमचं दयन खरंच फुकट झालं का?"

"पैसा नाई पडला."

"पैसा नाई पडला. पीठ कसं हाय?"

कस्तुराबाईनं पदराआडचं रिकामं माप पुढं धरलं. पिठाचं काय ते सांगायला ती पायली घेऊन आली होतीच.

"दगडाले टाकी लावली का रामरावनं, जवापासून फुकट केलं तवापासून?"

"नाई."

"काहून लावंन? फुकटच्या दयनाले कोन नावं ठेवते! अन् उद्या हे चक्की गेली का मंग?"

कस्तुराबाईच्या तोंडून नकळत शब्द आले, "मंग पहिल्यासारखं."

"कोन म्हणे असं?"

"भाऊजी. सोताच म्हणे. मी इचारलं, तवा हसून म्हणे."

माणिकराव खुर्चीतून पुढं वाकले. आता त्यांचा आवाज कोर्टातला नव्हता.

"पाहा ताई, त्यानं लपवलं नाई. सांगून टाकलं अन् तुमी हसल्या. तो तुमाले फुकट नाई देऊन राह्यला. तो देवमनची चक्की इकत घेऊन राह्यला, अन् त्याची किंमत तुमच्याच हातानं मोजून राह्यला! पहिल्यासारखं म्हणजे काय, हे तुमाले माह्यापेक्षा ठाऊक. कच तुमच्या भाकरीत, उडालेलं पीठ त्याच्या म्हशीले, अन् माही मावशी, ह्या देवमनची माय, शनवारी सांजीले ओट्याखाली. चक्की एक हाय तोवर मालक देव असते. दुसरी आली, का त्याले मानूस व्हा लागते. एवढीच गोष्ट हाय. त्या कायद्याचे सगळे पानं वाचले तरी शेवटी एवढंच निघते."

"मंग करा नं अर्ज," कस्तुराबाई म्हणाली. "माहा अंगठा घ्या."

"करतो. पण अर्ज दिल्लीले जाईन, तिथं तो उघडतीन, वाचतीन, मंग ठरवतीन का हे आपल्यात बसते का नाई. तवर अठी शेळ्या बांधल्या जातीन." त्यांनी मांडीवरचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी वकील हाय, हे मी बोलाव का नाई ठाऊक नाई. पण पंचवीस बाया तक्रारीवर अंगठा द्यायले भेटत असतीन, तर त्याच पंचवीस उद्या सकाळी दयन घेऊन अठी आल्या, तर अर्जाची गरज काय?"

 स्टेशनात मालगाडी शंटिंग करत होती, तिचे धक्के पत्र्याला ऐकू येत होते.

"दयन आनाव कुठून?" कस्तुराबाई हळूच म्हणाली. "सगळ्यायनं दयून टाकलं."

हे मात्र वकिलांच्या लक्षात आलं नव्हतं.

ती जवारी न घेताच घरी परतली. चुलीपुढं बसून तिनं जगदेवला सगळं सांगितलं. जगदेवनं घास संपवला आणि मग म्हणाला, "रामराव भाऊ हाय माहा. त्याच्या विहिरीचं पानी आपल्या वावरातून जाते."

"ठाऊक हाय."

"होळीले त्याच्या घरी सगळी भावकी जमते."

"तेही ठाऊक हाय."

"मंग?"

"मंग काई नाई. तुमच्या पोराले, नातवाले हेच कचकचीत पीठ खाऊ घालायचं का, एवढंच मले ठाऊक नाई. ते तुमी सांगा."

जगदेवनं ताटात हात धुतला. सोजरबाई मात्र अंधारातून बोलली, "होळीचे गहू हायेत नं मडक्यात? पोयी एक वर्स नाई खाल्ली तर मरत नाई कोनी."

सकाळी कस्तुराबाई चार घरी गेली. मग त्या चौघी आणखी कुणाकडं गेल्या. अर्ध्या घरांनी दार लोटून घेतलं. एकीनं सांगितलं, "भाऊजीशी भांडन तुमचं, आमी कायले पडाव?" एकीनं सासऱ्याचं नाव पुढं केलं. पंचवीस काही जमल्या नाहीत. निम्म्याही नाहीत. पण ज्या जमल्या त्यांच्याजवळ जे होतं ते घेऊन आल्या. कुणी होळीचे गहू, कुणी वड्यांसाठी राखलेली मुगाची डाळ, कुणी नुसतेच चणे. सगळ्यांत आधी बौद्धपुऱ्यातली म्हातारी हिरीबाई जवारीचा डबा घेऊन दाराशी बसली होती. कस्तुराबाईनं आपलं गव्हाचं मडकं तिच्या मागं ठेवलं.

रस्त्यात रामराव उभे होते. बातमी पोचली होती.

"वहिनी, रस्ता चुकल्या का?"

"नाई भाऊजी. पहिल्या खेपीले अंधारात आली होती, तवा चुकली असती. आता उजेड हाय."

"मी फुकट देऊन राह्यलो अन् तुमी पैसे देऊन दयता? डोकं ठिकानावर हाय का? अन् तेही त्याच्याकडं!" त्यांनी ओळीकडं पाहिलं, हिरीबाईच्या डब्याकडं पाहिलं. "होळीले माह्या घरी येऊ नका मंग. सांगून ठेवतो."

बायकांची ओळ हलली. दोघी मागं सरल्या. एकीनं डबा उचललाही. तेवढ्यात कोपऱ्यावरून जगदेव आला. जऊळक्यात पुरुष बैलगाडीत पोतं घालून दळण आणतो, पण डोक्यावर डबा घेऊन कधी येत नाही; येणं म्हणजे हसू करून घेणं. जगदेव डोक्यावर हरभऱ्याच्या डाळीचा डबा घेऊन, एका हातानं सावरत, सरळ भावाच्या समोरून चालत आला. त्यानं डबा ओळीत शेवटी ठेवला, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदा बोलला.

"रामराव, नातं नातं हाय. पानी पाह्यजे तर बंद कर. पण दयन माह्या घरचं हाय, ते कुठी नेयाचं ते मी ठरवीन. तुह्या चक्कीले टाकी लाव, पीठ पुरं दे, ओळीत सगळ्यायले सारखं उभं कर, मी तुह्याकडंही येतो. पैसे देऊन येतो!"

डबा उचललेल्या बाईनं तो पुन्हा ओळीत ठेवला. रामरावांनी ते पाहिलं. मग परतले. सुपारी त्यांच्या तोंडातच राहिली होती.

देवमननं मोटरवरचं फडकं काढलं. पट्टा चढवला. चक्की सुरू झाली, तेव्हा भागिरथा दारात उभी राहून ओळीकडं नुसती बघत होती. कस्तुराबाईचा नंबर आला तसं भागिरथानं तिचं मडकं स्वतः उचलून आत नेलं.  

दहाच्या सुमारास रतनसिंग कारंज्याहून गाडी घेऊन पोचला. ओळ बघून उतरलाच नाही.

"देवमनभाऊ, मैं तो सुना था के चक्की बंद पड़ी है!"

"होती," देवमन म्हणाला.

"तो फिर मैं खाली हाथ जाऊँ?"

"खाली कायले? दयन असंन तर आना. पन ओळीत उभं राहा लागंन!"

गहू दळून झाले. कस्तुराबाईनं पिठात हात घालून चिमूट उचलली, बोटांत चोळली. मऊ होतं. तिनं कमरेची पिशवी सोडली.

देवमननं हात जोडले. "नाई बाई. आज नाई. आज तुमचं फुकट."

कस्तुराबाईनं पैसे त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ स्वतःच्या हातानं मिटली.

"घ्या देवमनभाऊ. फुकट दयन आमाले लय महाग पडते."

नागरिकहो, मक्तेदारीला आवर घालणारे कायदे व्हायलाच हवेत. मोठ्यांनी बाजार गिळू नये म्हणून पार्लमेंटनं जागं राहावं, आणि सरकार स्वतःच मक्तेदार होऊ लागलं तर त्यालाही आपण तेच सांगावं. पण दुसऱ्या चक्कीचा पट्टा फिरता ठेवण्याचं काम कुठल्याही आयोगाला जमणारं नाही. ते आपलं आहे. ज्या दिवशी कुणी आपल्याला सगळं फुकट देऊ लागेल, त्या दिवशी आपण एकच प्रश्न विचारावा, की यानं उद्या कुणाला उठवायचं ठरवलं आहे? आणि उत्तर हसत मिळालं तर आपण हसू नये.